शाडूतला हात

नाशिक, १४ जून २०२४

प्रिय शंतनुभावोजी,

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहिते आहे. कारखान्यात ग्राइंडर चालू असतो हे मला ठाऊक आहे, पण तो रविवारीही चालू असतो का? पत्र टाइप केलंय म्हणून नाक मुरडू नका. हल्ली हाताने लिहायचा कंटाळा येतो.

काम तुमच्या भावाच्या लाल गाडीचं आहे. हे गेल्यापासून चार वर्षं मीच चालवते ती. आठवड्यातून तीनदा गंगापूर धरणापर्यंत जाते आणि परत येते. सुमितला ते पटत नाही. सदुसष्टाव्या वर्षी आईने दोन सीटांची लाल गाडी चालवणं त्याला बरं दिसत नाही. त्याने पुण्यात गिऱ्हाईक गाठलंय. दिवाळीला तो येणार, आणि पाडव्याला गाडी जाणार, असं त्याने परस्पर ठरवलंय. मला गाडी द्यायची नाही.

तुम्ही तिकडे कोलकात्याला, बेहालात, कार्बन फायबरचे पार्ट करता असं तुमची यामिनी मागे म्हणाली होती. मला बॉनेट, डिकीचं झाकण आणि दोन्ही दारं हवी आहेत. शक्य तितकी हलकी. दिसायला कशीही असली तरी चालतील. गाडीवर मी नव्याने काम करून घेतलंय, म्हणजे ती वापरणार आहे, एवढं त्या मुलाच्या डोक्यात शिरलं पाहिजे.

तुमची वहिनी,
प्रेमलता


बेहाला, कोलकाता, २४ जून २०२४

वहिनींना शंतनुचा नमस्कार.

टाइप केलेलं पाकीट बघून यामिनीला वाटलं, इन्कम टॅक्सची नोटीस आली. तिने ते न उघडता आधी देवासमोर ठेवलं. तुमचं मोत्यासारखं अक्षर दाखवून आईने मला लहानपणी किती टोमणे मारलेत! त्या अक्षराला तुम्हीच रजा दिलीत हे कळलं असतं तर माझं बालपण जरा बरं गेलं असतं.

आता मुद्द्याचं. वहिनी, शर्यत लावलीय का कुणाशी? माझ्याकडे हौशी पोरं येतात, त्यांनाही हलकी गाडी हवी असते. पण ती आधी छप्पर मागतात, कारण वजन जितकं वर तितकी गाडी वळणावर कलते. मग पुढची मडगार्डं, मग बंपर. तुमच्या यादीत यातलं एकही नाही. गाडीभोवती एक फेरी मारून जे दिसलं ते लिहून टाकलंत बहुतेक.

दारं मी करणार नाही. दाराच्या पोटात एक आडवी पोलादी पट्टी असते. बाजूने कुणी धडकलं तर तीच माणसाला वाचवते. शर्यतीच्या गाडीत आत लोखंडी पाइपांचा पिंजरा असतो म्हणून तिथे कागदासारखी दारं चालतात. तुमच्या गाडीत पिंजरा नाही, तुम्ही आहात. शिवाय दाराचं वजन बिजागऱ्या पेलतात, तुम्ही नाही. ते हलकं करून तुम्हाला काय मिळणार, हे मला समजलं नाही.

बॉनेट करतो. अलीपूरच्या एका डॉक्टरांकडे हीच गाडी आहे, तिच्यावरून साचा काढू देतील. फक्त पुढे दोन खिट्ट्या बसवाव्या लागतील. हलकं बॉनेट वेगात वाऱ्याने उघडलं तर सरळ काचेवर येतं. डिकीचं नंतर बघू.

दादाची गाडी विकू नका. हे मी धंद्यासाठी म्हणत नाही.

शंतनु


नाशिक, ४ जुलै २०२४

प्रिय भावोजी,

फेरी मारून यादी केली म्हणे! तीस वर्षं मी वैधमापन खात्यात निरीक्षक होते. नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक पेट्रोल पंपाचं माप या डोळ्यांनी तपासलंय. मी न मोजता काही मागत नाही.

खिट्ट्या नकोत. त्यांची क्लिप दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढावी लागते, मी व्हिडिओत पाहिलं. ते मला आवडलं नाही. मूळचंच लॉक ठेवा आणि त्याच्याभोवती काय पोलाद भरायचं ते भरा.

दारं नाहीत तर नाहीत. पण दाराचं बाहेरचं हँडल तरी मोठं करून द्या. त्याला तुमची पोलादी पट्टी आड यायची नाही. आधी बॉनेट मात्र पाठवा. आणि पुन्हा सांगते, मला वजन कमी हवंय, चमक नको.

प्रेमलता


बेहाला, ३ ऑगस्ट २०२४

वहिनी,

बॉनेट आज ट्रान्सपोर्टने निघालं. फळ्यांच्या खोक्यात, भोवती थर्मोकोल, वर यामिनीने हळदकुंकू लावलंय, तेवढं पुसून घ्या. लॉकच्या जागी पोलादी पत्रा आतून बसवलाय. खिट्ट्यांचा हट्ट सोडला.

काय सांगू, असं काम वर्षभरात झालं नव्हतं! विणीचा तिरपा पट्टा डावीकडून उजवीकडे एकसारखा उतरलाय, मध्ये एक धागा वाकडा नाही. मृणालबाबूंनी पाचदा पॉलिश मारलं. हे आमच्याकडचे जुने कारागीर, दुर्गापूजेच्या मांडवांसाठी फायबरचे हत्ती आणि सिंह करण्यात हयात गेली. बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा पाहून म्हणाले, दाढी करायला हवी.

पोचल्याचं कळवा. सुमित बघतच राहील.

शंतनु


नाशिक, १३ ऑगस्ट २०२४

भावोजी,

बॉनेट पोचलं. सुंदर आहे.

कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याला बोलावलं. त्याच्या काट्याला मी स्वतः कधीकाळी शिक्का मारलेला आहे. जुनं बॉनेट पंधरा किलो दोनशे. तुमचं तेरा किलो नऊशे. मग खालच्या बाजूला एका कोपऱ्यात काळा रंग खरवडला. आत पांढरं निघालं. भावोजी, ही साधी काच-फायबर आहे. कार्बनचा फक्त वरचा एक थर, साडीला फॉल लावावा तसा.

मला दुकानदारांनी आयुष्यभर फसवायचा प्रयत्न केला. त्यांचं मला काही वाटलं नाही, तो त्यांचा धंदा आणि पकडणं हा माझा. पण घरच्या माणसाने तेच करावं याचं वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

गाडी वाचवायला माझ्याकडे अडीच महिने आहेत. तुमच्याकडून होणार नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

प्रेमलता


बेहाला, २१ ऑगस्ट २०२४

वहिनी,

चूक माझी आहे. कारण सांगतो, पण ती माफी नव्हे.

इथे आम्ही जे बनवतो ते लांबून बघायचं असतं. पाच दिवस मांडवात लोक रांगा लावून बघतात, सहाव्या दिवशी सगळं उतरतं. सिंहाच्या पोटात काय भरलंय ते कुणी विचारत नाही. गाड्यांच्या कामातही तीच सवय लागली. पार्क स्ट्रीटवर गाडी उभी करून फोटो काढायचा असतो, म्हणून गिऱ्हाईक स्वतःच सांगतं, वर कार्बन दिसू दे, आत काहीही घाल. तुम्ही दोनदा लिहिलंत की वजन कमी हवंय. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, बायकांचं बोलणं असतं असं, शेवटी चमकच आवडेल. वजनमापाच्या इन्स्पेक्टरला फसवायला निघालो, माझ्यासारखा शहाणा मीच.

आता खरं बॉनेट करतो. सगळं कापड कार्बनचं, पिशवीत घालून हवा ओढायची, भट्टीत भाजायचं. मृणालबाबू पूजेच्या कामात अडकलेत, तेव्हा हे मीच करीन. भट्टी खिदिरपूरला आहे, गोदीतल्या लाँचचे पार्ट करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाची. तो रविवारी देतो.

हँडलही करतो. त्यासाठी एक काम करा. गणपती जवळ आलेत, तिकडे शाडू मिळत असेल. एक मुठीएवढा गोळा घ्या, उजव्या हाताने घट्ट दाबा, दार ओढताना धराल तसा. सावलीत वाळवून पाठवा. त्यावरून साचा घेतो. बाजारातलं हँडल कुणाच्याही हातासाठी असतं, हे तुमच्या हातासाठी असेल.

शंतनु


नाशिक, ४ सप्टेंबर २०२४

प्रिय भावोजी,

राग गेला. खरं सांगायचं तर तुम्ही लगेच कबूल केलंत म्हणून गेला. दुकानदार तसं करत नाहीत.

गोळा सोबत पाठवते आहे. शैला, माझ्याकडे स्वयंपाकाला येते ती, गणपतीची शाडू आणायला गेली होती, तिनेच दोन गोळे जास्त आणले. वाळायला तीन दिवस लागले. हात माझाच आहे, उजवा.

शनिवारी गणपती बसतील. यंदा आरास नाही, फक्त मूर्ती.

प्रेमलता


बेहाला, २२ सप्टेंबर २०२४

वहिनी,

बॉनेट आणि हँडल दोन्ही पाठवलं. यावेळी पॉलिश एकदाच मारलंय आणि खालची बाजू रंगवलेली नाही. खुशाल खरवडा.

तुमचा गोळा बघून मी खूश झालो. चारही बोटांचे ठसे खोल, अंगठा असा रुतलेला की खाली जवळजवळ भोक पडलंय. दणकट हात आहे हो! पोळ्या लाटणाऱ्या बाईचा असावा तसा. सदुसष्टाव्या वर्षी अशी मूठ असेल तर सुमितला कसली काळजी पडलीय? बोटं नेमकी बसतील अशा खाचा हँडलला ठेवल्यात. वजन एकशे दहा ग्रॅम. तुम्ही मोजणारच, म्हणून आधीच सांगतो.

इथे पूजेची गडबड सुरू झाली. बेहालात आता चालायला जागा नाही.

शंतनु


नाशिक, ३० सप्टेंबर २०२४

प्रिय भावोजी,

बॉनेट सहा किलो आठशे. याला म्हणतात काम.

हँडलही चांगलं आहे.

प्रेमलता


बेहाला, ५ ऑक्टोबर २०२४

वहिनी,

'चांगलं आहे' म्हणजे काय? बॉनेटचं वजन लिहिलंत, हँडलचं नाही. तुम्ही वस्तू काट्यावर ठेवली नाहीत म्हणजे ती हातातही धरली नसावी.

तुमची जूनची यादी काढून पुन्हा वाचली. बॉनेट, डिकी, दारं. मग खिट्ट्यांची ती चिमूट. मग हँडल मोठं हवं. मी मूर्ख, शर्यतीच्या अंगाने वाचत बसलो. वहिनी, तुम्ही छप्पर मागितलं नाहीत, कारण छप्पर हाताने उघडावं लागत नाही.

गोळाही पुन्हा काढून बघितला. करंगळीच्या खाली बारीक बांगड्यांचा ठसा आहे. तुम्ही बांगड्या घालत नाही, दादा नेहमी चेष्टा करायचा त्यावरून. हात कुणाचा आहे?

विचारतोय, रागावलेलो नाही.

शंतनु


नाशिक, १० ऑक्टोबर २०२४

शंतनुभावोजी,

हात शैलाचा आहे.

मला दोन वर्षांपासून संधिवात आहे. म्हातारपणाचा गुडघेदुखीवाला नव्हे, दुसरा, सांधे वाकडे करणारा. उजव्या हाताची मधली दोन बोटं वळत नाहीत. सकाळी दीड तास मूठ होत नाही. औषध चालू आहे, त्याने वाढायचा थांबलाय, पण जे गेलं ते गेलं. स्टिअरिंग फिरवता येतं, ते तळव्याने फिरतं. गिअर पडतो. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलंय, तो कागद माझ्या पर्समध्ये असतो. चालवता येते, भावोजी. आत बसता येत नाही. दार उघडायला शेजारच्या वॉचमनला हाक मारावी लागते.

मेमध्ये सुमितने ते पाहिलं. वय-बिय त्याने कधी काढलं नाही, ते मी तुम्हाला खोटं लिहिलं. तो एवढंच म्हणाला, 'आई, रस्त्यात गाडी बंद पडली आणि तुला बॉनेट उचलता आलं नाही, आतून बाहेर येता आलं नाही, तर? पाडव्याला माझ्यासमोर एकटीने दार उघड, बॉनेट उचल, पाणी बघ, चक्कर मारून ये. मग मी गाडीचं नाव काढणार नाही.' तो वाईट बोलला नाही. म्हणूनच मी तुम्हाला फोन लावत बसले.

तुम्हाला का नाही सांगितलं? तुम्ही मला शर्यत लावणारी म्हणालात ना, ते मला फार आवडलं होतं. पुष्कळ दिवसांत कुणी तसं काही म्हटलं नव्हतं. इथे सगळे 'जपा हं' म्हणतात. ही पत्रंसुद्धा मी फोनला सांगते, तो टाइप करतो, अक्षर कसं झालंय ते तुम्हाला दिसू नये म्हणून. आणि गोळा दाबायला बसले तेव्हा माझ्या हाताचा त्यात जो आकार उठला तो मला पोस्टाने कुणालाही पाठवायचा नव्हता.

तुम्ही केलेल्या हँडलच्या खाचांत माझी बोटं जात नाहीत. शैलाने एका झटक्यात दार उघडलं आणि आपण काहीतरी चुकीचं केलं असं वाटून लगेच लावून घेतलं.

दुसरा गोळा आहे. शैलाने दोन आणले म्हटलं होतं ना. तो पाठवते. हात माझाच आहे.

प्रेमलता


बेहाला, २४ ऑक्टोबर २०२४

वहिनी,

गोळा सप्तमीला निघाला असेल, पण पूजेत इथे काहीच पोचत नाही. सोळा तारखेला मिळाला. मी तो बराच वेळ टेबलावर ठेवून बघत बसलो. तर्जनीचा आणि करंगळीचा ठसा आहे, मधे काही नाही. अंगठा वरवर टेकलाय. पण तळव्याच्या खाली, मनगटाला लागून, एवढा खोल खड्डा पडलाय की मला कळलंच, तुमची ताकद आता कुठे राहायला गेलीय. मला रडू आलं, ते लिहून टाकतो, नाहीतर यामिनी लिहील.

कारागीर सगळे गावाला गेलेत. मृणालबाबू दुसऱ्या दिवशी मिठाई द्यायला म्हणून आले, त्यांनी तो गोळा पाहिला, मिठाईचा पुडा ठेवला आणि बाह्या सरसावल्या. दोघांनी मिळून केलंय. वरचं पॉलिश त्यांना मारू दिलं, बिचाऱ्यांना राहवत नव्हतं.

बोटांना खाचा नाहीत. ओढायचंच नाही. हँडलला मागे एक लांब दांडा आहे आणि टोकाला वाटीसारखा खळगा, तुमच्या गोळ्यात पडलाय तेवढाच, तसाच. त्यात मनगटाची ही बाजू टेकवायची आणि अंगाचा भार देऊन खाली दाबायचं. लॉक सुटेल. मग कमरेने ढकला. मी लिहिलं होतं ना, दाराचं वजन बिजागऱ्या पेलतात. तुम्हाला जड जात होतं ते दार नव्हे, लॉक सोडवणं होतं. आधी सांगितलं असतंत तर जूनमध्येच झालं असतं. आतल्या बाजूला असंच दुसरं, लहान. दोन्ही एकाच खोक्यात आहेत. बसवायला मेकॅनिक बोलवा, चार-चार स्क्रू आहेत.

बॉनेटला उचललं की आपोआप टेकणारी गॅसची दांडी पण त्याच खोक्यात घातलीय. ती मागितली नव्हतीत.

आणि शर्यत लावणारी मी अजूनही म्हणतो. ते मागे घेणार नाही.

शंतनु


नाशिक, ३ नोव्हेंबर २०२४

प्रिय शंतनुभावोजी,

हे हाताने लिहिते आहे. अक्षर असं आहे. लागेल तेवढा वेळ घेऊन वाचा, मलाही लिहायला लागलाय.

काल पाडवा झाला. सकाळी सुमित अंगणात खुर्ची टाकून बसला, हातात चहा. मी मुद्दाम लवकर उठून हात गरम पाण्यात धरून ठेवले होते. गेल्या चार दिवसांत शैला आणि मी गुपचूप दहादा सराव केला होता. तरी त्याच्यासमोर पहिल्यांदा मनगट घसरलं. तो उठायला लागला. मी म्हटलं, 'बस.' दुसऱ्यांदा लॉक सुटलं. दार कमरेने ढकललं. बॉनेट तुमच्या दांडीने स्वतःच वर जाऊन थांबलं, मला फक्त सुरुवात करून द्यावी लागली. पाणी बघितलं. गंगापूर रस्त्याला वळले, सोमेश्वरपर्यंत जाऊन आले. आतून दार उघडून उतरले. वॉचमन फाटकात उभा होता, त्याला हाक मारली नाही.

सुमित गाडीपाशी आला आणि ते हँडल बघू लागला. मग त्याने ते धरून पाहिलं. खळग्यात त्याचं मनगट बसेना, बोटं कुठे घालायची ते कळेना. उलटा हात करून बघितला, डाव्याने बघितलं. शेवटी दार काही त्याला उघडलं नाही.

म्हणाला, 'आई, हे तर तुझ्याशिवाय कुणाच्याच कामाचं नाही.'

मी म्हटलं, 'हो. आता विक कुणाला विकायचीय ती.'

तो हसला. आत जाऊन त्याने पुण्याच्या गिऱ्हाइकाला फोन केला.

तुमची,
प्रेमावहिनी